रोजे ब्लँ : 'गोदो' तीन वर्षं काखेत घेऊन फिरलेला नट

विंगेतला

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. 'प' आणि 'क' ही माझी दोन जकातनाकी, तिथे शब्द थांबतोच. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला बोलायचं काम कधी मिळालं नाही. पुढे हौशी नाटकमंडळीत शिरलो तेही पडदा ओढायला आणि प्रॉपर्टी सांभाळायला. त्यामुळे सॅम्युएल बेकेटचं 'गोदो' ('वेटिंग फॉर गोदो', कधीच न येणाऱ्या गोदोची वाट पाहणाऱ्या दोन भणंगांचं नाटक) जगात पहिल्यांदा रंगमंचावर आणणारा माणूस चांगलाच तोतरा होता, हे वाचलं त्या दिवसापासून तो माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याच्यावर मराठीत काही सापडेना, म्हणून हा धागा.

नाव रोजे ब्लँ, फ्रेंच नट आणि दिग्दर्शक. जन्म २२ मार्च १९०७, पॅरिसला लागून असलेल्या नयीमध्ये. वडील डॉक्टर. घर खाऊनपिऊन सुखी. मुलाची जीभ मात्र अडायची, आणि नेमका हाच मुलगा नाटकाकडे ओढला गेला. १९३५ च्या मे महिन्यात फ्रेंच कवी-नाटककार आंतोनँ आर्तोने 'ले साँसी' हे नाटक बसवलं, त्यात ब्लँ त्याचा साहाय्यक होता. तालमीत कोण कुठून कुठे जातो याच्या नोंदी तो संहितेत रंगीत पेन्सिलींनी करून ठेवायचा. स्टेजवरही उतरला, पण कोणत्या भूमिकेत? दोन भाडोत्री मारेकऱ्यांपैकी एक, आणि ते दोघेही मुके. नाटक सतरा प्रयोगांत बंद पडलं. आर्तोचा जन्मभराचा घाट्याचा सौदा तो, पण तिथे ब्लँला कळलं की नटाचं शरीर शब्दांच्या आधी बोलतं. मग नट जाँ-लुई बारोबरोबर त्याने मूकाभिनयावर मेहनत घेतली. कवी जाक प्रेव्हेरच्या 'ग्रूप ऑक्तोब्र' या नाटकमंडळीत कामगारांसमोर प्रयोग केले.

आर्तोला त्याने नंतरही सोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. आर्तो नऊ वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत अडकला होता. १९४६ साली त्याला बाहेर काढण्यासाठी जे मित्र धडपडले त्यांत ब्लँ होता. १९४७ च्या नोव्हेंबरात आर्तोने रेडिओसाठी आपला शेवटचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला तेव्हा चार आवाजांत एक आवाज ब्लँचा होता. २ फेब्रुवारी १९४८ ला तो वाजायचा होता, आदल्या दिवशी रेडिओच्या प्रमुखांनी बंदी घातली. महिन्याभरात आर्तो गेला.

आणि रंगमंचावर ब्लँची जीभ अडत नसे. पाठ केलेलं, दुसऱ्याने लिहिलेलं वाक्य तोंडात आलं की वाट मोकळी. हे कसं होतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी एकटा असताना तुकारामाचा अभंग म्हणतो तेव्हा मीही अडत नाही.

'गोदो'ची गोष्ट प्रतिसादांत सांगतो, एका दमात उरकण्यासारखी ती नाही.

सायली_वाचते

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! 'ब्लिन' असा उच्चार मी करत होते, आता सुधारते. बेकेटने त्यालाच का शोधलं? ओळख होती का?

विंगेतला

सायली, ओळख नव्हती. १९४९ साली ब्लँ आणि क्रिस्तीन त्सिंगोस मिळून मोंपारनासचं गेते हे नाट्यगृह चालवत होते. तिथे त्याने स्ट्रिंडबर्गचं 'द घोस्ट सोनाटा' बसवलं. बेकेट ते बघायला गेला, एकदा नव्हे, दोनदा. प्रेक्षागृह जवळपास रिकामं असायचं. असं सांगतात की बेकेटला तेच पटलं. इतक्या थोड्या लोकांसमोरही जो लेखकाच्या शब्दांना धक्का लावत नाही, त्याच्या हाती आपलं नाटक द्यावं असं त्याने ठरवलं.

स्वतः मात्र आला नाही. त्याची जोडीदार सुझान दोन हस्तलिखितं घेऊन गेली. एक 'एल्यूथेरिया', दुसरं 'गोदो'. ब्लँने हिशोब केला. 'एल्यूथेरिया'त सतरा पात्रं आणि दुभागलेला रंगमंच. 'गोदो'त चार नट, एक पोरगा आणि एक झाड. खिशात दमडी नसलेल्या माणसाने काय निवडलं असेल? पुढे ब्लँ हे सरळ सांगायचा. नाटक सगळं समजलं होतं असा दावा त्याने केला नाही.

पण निवडणं वेगळं आणि उभं करणं वेगळं. जवळजवळ तीन वर्षं तो ती संहिता घेऊन पॅरिसभर फिरला. कुणालाच दोन भणंगांचं काहीही न घडणारं नाटक नको होतं. शेवटी लेखकाच्या पहिल्या नाटकाला सरकारी मदत मिळते त्या योजनेतून पाच लाख फ्रँक (जुने) मिळाले आणि जाँ-मारी सेरोने आपलं बाबिलोन नाट्यगृह देऊ केलं. नाट्यगृह म्हणजे आधी दुकान असलेली जागा, सव्वादोनशेच्या आसपास घडीच्या खुर्च्या. झाड केलं ते कपडे अडकवायच्या हँगरच्या तारेचं, वरून क्रेप कागद गुंडाळून. मी प्रॉपर्टीवाला असल्यामुळे त्या झाडापाशी फार वेळ रेंगाळतो. तार वाकवणारे हात मला दिसतात.

आपण बहुतेक जण 'गोदो'कडे इंग्रजीतून आलो. ते भाषांतर बेकेटनेच केलेलं, लंडनला प्रयोग झाला १९५५ मध्ये. त्यामुळे मूळ फ्रेंच प्रयोगातली माणसं आपल्या नजरेआड राहिली. म्हणून त्यांची नावं इथे लिहून ठेवतो : दोन भणंगांपैकी एस्त्रागाँ झाला पिएर लातूर, व्लादिमिर झाला ल्युसियँ रँबूर (हा कॅबरे-म्युझिक हॉलमधून आलेला), पोझोचा ओझी वाहणारा नोकर लकी झाला जाँ मार्तँ, पोरगा सर्ज लक्वँत, आणि पोझो स्वतः ब्लँ.

रीळबंद

मी नाटकातला नाही, सिनेमातला. पण या माणसाचा चेहरा मला नाव माहीत नसताना ओळखीचा होता! दिग्दर्शक क्लूझोच्या 'ल कॉर्बो'मध्ये (१९४३) इस्पितळात तेरा नंबरच्या खाटेवरचा कर्करोगाचा रुग्ण आठवतोय का? गावभर निनावी पत्रं येताहेत, त्यातलं एक याला येतं. तुझा आजार बरा होणारा नाही, असं त्यात असतं. वस्तरा घेऊन तो जीव देतो. पडद्यावर हा माणूस किती वेळ दिसतो? अगदी थोडा. पण त्या उशीवरचा हाडं वर आलेला चेहरा आणि खोल डोळे पुढच्या सगळ्या सिनेमावर पसरून राहतात, कारण तोच वस्तरा शेवटी परत येतो.

आता शोधल्यावर कळलं की कार्नेच्या 'ले व्हिझितर द्यू स्वार'मध्ये (१९४२) किल्ल्यावर खुजी, विद्रूप माणसं खेळ म्हणून घेऊन येणारा तोही हाच. कोक्तोच्या 'ऑर्फे'तही (१९५०) आहे, १९५६ च्या 'नोत्र दाम'मध्येही. प्रत्येक ठिकाणी दोन-चार मिनिटं. श्रेयनामावलीत नाव खाली. अशा नटांवर आपल्याकडे कुणी लिहीत नाही, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद.

विंगेतला

रीळबंद, खाटेवरच्या त्या चेहऱ्याबद्दल अगदी नेमकं लिहिलंत. सिनेमाने त्याला पोट भरण्यापुरतं दिलं, त्यानेही सिनेमाकडे त्याहून जास्त मागितलं नाही. कमावलेलं नाटकात जायचं. पण मला वाटतं, चरित्रनटाची ही सवयच त्याच्या दिग्दर्शनात उतरली. तीन मिनिटांसाठी येणाऱ्या माणसालाही अख्खं आयुष्य असतं, हे तो जाणून होता. 'गोदो'तला लकी एकदाच बोलतो. पण तो तसा का चालतो, तसा का थरथरतो, हे आधी ठरल्याशिवाय त्याचं ते एक भाषण उभं राहत नाही.

नस_आणि_सांधे

लकीवरून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. जाँ मार्तँने लकीची थरथर कुठून आणली ते मी पूर्वी वाचलं होतं. त्याच्या एका डॉक्टर मैत्रिणीला त्याने विचारलं, कापरा आवाज नैसर्गिक वाटेल असं शरीरात काय होऊ शकतं? तिने पार्किन्सन्स सुचवला. मग त्याने आधी हळूहळू एक पाय हलवायचा, मग हात, मग सगळं अंग, असं करत करत तो कंप बसवला. बेकेटला विचारलं तर त्याच्या आईलाही हाच आजार होता. त्याने हरकत घेतली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या आजोबांचा हात स्वस्थ बसले असताना थरथरतो आणि पेला उचलायला गेले की जरा कमी होतो. हे बघणाऱ्याला विचित्र वाटतं, त्यामुळे घरची माणसंसुद्धा म्हणतात, मुद्दाम करतात. स्टेजवर पंधरा-वीस मिनिटं ओझं धरून उभं राहायचं आणि तो कंप सुटू द्यायचा नाही, याला नटाचं किती बळ लागत असेल ते मी सांगू शकते. दुसऱ्या दिवशी मान-खांदे लाकूड होत असणार. दिग्दर्शकाने त्याला ते करू दिलं, 'फार होतंय, कमी कर' म्हटलं नाही, याचं मला विशेष वाटतं.

तात्या_नगरवाले

विंगेतले, लेख चांगला, पण एक शंका स्पष्टच मांडतो. 'गोदो' बेकेटचं आहे. ब्लँने केलं नसतं तर आणखी कुणी केलं असतं. टपाल्याने पत्र पोचवलं म्हणून पत्राचं श्रेय त्याचं होतं का? मी चाळीस वर्षं नाटकं पाहतोय. दिग्दर्शकांना डोक्यावर बसवायची अलीकडची पद्धत मला खटकते.

विंगेतला

तात्या, राग नाही, उलट हा प्रश्न यायलाच हवा होता. ब्लँ तुमच्या बाजूचाच आहे! डोक्यावर बसणाऱ्या दिग्दर्शकांतला तो नव्हताच. सुरुवातीला त्याच्या मनात नाटक सर्कशीच्या रिंगणात करायचं होतं. बेकेटला पटलं नाही, ब्लँने कल्पना सोडून दिली. स्वतःची छाप दिसावी म्हणून त्याने एकही गोष्ट ठेवली नाही. पोझोचं काम तरी त्याला कुठे हवं होतं? अंगाने सडपातळ माणूस. पोझो धिप्पाड, पोट सुटलेला जमीनदार. ठरलेला नट सोडून गेला म्हणून पोटावर उशी बांधून तो उभा राहिला.

पण 'आणखी कुणी केलं असतं' हे मला मान्य नाही. तीन वर्षं कुणी केलं नव्हतं. सगळ्यांच्या हातून ती संहिता परत आली होती. टपाल्याचंच उदाहरण घेऊ : दारं बंद असताना, पत्ता नसताना, पगार नसताना तीन वर्षं तेच पत्र घेऊन फिरणारा टपाली असेल तर त्याचं नाव पाकिटावर लिहावं असं मला वाटतं. बेकेटलाही वाटलं असावं. पुढचं नाटक 'फँ द पार्ती' (इंग्रजीत 'एंडगेम') त्याने रोजे ब्लँलाच अर्पण केलं आहे. त्यालाही पॅरिसमध्ये जागा मिळेना. फ्रेंच नाटकाचा पहिला प्रयोग लंडनच्या रॉयल कोर्टात ३ एप्रिल १९५७ ला, फ्रेंचमध्येच झाला. ब्लँ आंधळा, खुर्चीला खिळलेला हाम, मार्तँ क्लोव्ह, आणि कचऱ्याच्या पिंपातली म्हातारी नेल झाली ती क्रिस्तीन त्सिंगोस, गेतेची तीच जुनी सहकारी. माणसं सोडायची नाहीत, ही त्याची रीतच दिसते.

मृणाल_सेनकाठची

मी पॅरिसला राहते, आठवड्यातून दोनदा सेव्र-बाबिलोन मेट्रोला गाडी बदलते. बाबिलोन नाट्यगृह बुलेव्हार रास्पायवर ३८ नंबरला होतं. १९५४ मध्ये ते बंद पडलं, आज तिथे नाटक होत नाही. तुमचा धागा वाचून काल मुद्दाम उतरले आणि फूटपाथवर उभी राहिले. समोरच्या अंगाला, थोडं पुढे ४५ नंबरला, हॉटेल ल्युतेसिया आहे. भव्य, कोपऱ्यावरचं, जहाजाच्या नाळेसारखं.

१९४५ मध्ये छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांना याच हॉटेलात आणत होते. बाहेर रोज नातेवाईकांची गर्दी, हातात फोटो, फलकांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. हा माणूस दिसला का, अमुक छावणीत होता, तमुक तारखेला नेला. कित्येकांचं कुणीच आलं नाही, तरी ते दुसऱ्या दिवशी परत येऊन उभे राहत. आणि आठच वर्षांनी, त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, दोन माणसं एका तारेच्या झाडाखाली उभी आहेत आणि एक पोरगा येऊन सांगतो की गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील.

बेकेटने हे नाटक लिहिताना ल्युतेसिया मनात धरलं होतं असं माझं म्हणणं नाही. त्याने लिहिलं तेव्हा प्रयोग कुठे होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कुणीतरी तरी आठ वर्षांपूर्वी समोरच्या गर्दीत उभं असेलच ना? काल मला हे सुचलं आणि दोन गाड्या सोडून दिल्या.

सायली_वाचते

मृणालताई, हे वाचून अंगावर काटा आला. आता ते नाटक मी वेगळ्या मनाने वाचेन.

हेमांगी_र

मला जरा वेगळ्या बाजूचं विचारायचं आहे. ब्लँने फ्रेंच लेखक जाँ जनेचं 'ले नेग्र' केलं ना, १९५९ ला? गोऱ्याने लिहिलेलं, गोऱ्याने बसवलेलं, काळ्या माणसांबद्दलचं नाटक. आज आपण दलित रंगभूमीबद्दल जे प्रश्न विचारतो तेच इथे लागू होत नाहीत का? कौतुकाच्या ओघात हे सुटू नये.

विंगेतला

हेमांगीताई, सुटू नयेच. जने स्वतःच तो प्रश्न नाटकाच्या दारात ठेवतो : हे नाटक एका गोऱ्याने गोऱ्या प्रेक्षकांसाठी लिहिलं आहे, आणि प्रेक्षकांत रोज निदान एक तरी गोरा असायलाच हवा, अशी त्याची अट. ब्लँपुरतं सांगायचं तर त्याने कुणाचे चेहरे काळे रंगवले नाहीत. 'ले ग्रिओ' नावाची आफ्रिकी आणि कॅरिबियन कलावंतांची मंडळी पॅरिसमध्ये १९५६ पासून होती. रोबेर लियांसोल, तोतो बिसँत, पुढे सिनेमा-दिग्दर्शक म्हणून नाव झालेल्या सारा माल्दोरोर ही त्यांच्या संस्थापकांतली नावं. ही मंडळी आधीपासून उभी होती, ब्लँ त्यांच्याबरोबर काम करायला गेला. बऱ्याच जणांना नाटकाचा अनुभव कमी, नोकऱ्या सांभाळून तालमी. १९५९ च्या ऑक्टोबरात त्यांनी ल्युतेसच्या छोट्या नाट्यगृहात प्रयोग केला. तरीही तुमचा आक्षेप संपत नाही हे मला मान्य आहे. मंचावरचा राग त्या नटांचा किती आणि जनेचा किती, हे कुणी त्या नटांनाच विचारायला हवं होतं.

पण ब्लँ फक्त मंचावर धीट होता असं नाही. १९६० च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये १२१ लेखक-कलावंतांचं पत्रक निघालं. अल्जीरियाच्या युद्धात लढायला नकार देण्याचा सैनिकांना हक्क आहे, असं त्यात म्हटलं होतं. ब्लँची त्यावर सही आहे. सही करणाऱ्या कलावंतांना सरकारी रेडिओ, टीव्ही, अनुदानित नाट्यगृहं बंद केली गेली. रोजावर जगणाऱ्या चरित्रनटाला याचा अर्थ काय, ते तुम्हा-आम्हाला कळेल.

तीनच वर्षांत तो ऑदेऑं या सरकारी नाट्यगृहात होता, बेकेटचं 'ओ ले बो झूर' (इंग्रजीत 'हॅपी डेज') घेऊन. अभिनेत्री मादलेन रनो कंबरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत मातीत गाडलेली. वय त्रेसष्ट. पुढे वीसेक वर्षं ती हे काम करत राहिली. आणि १९६६ च्या एप्रिलमध्ये त्याच ऑदेऑंत जनेचं 'ले पारावाँ', तेही अल्जीरियावरच. त्यात मरायला टेकलेल्या फ्रेंच लेफ्टनंटला त्याचे सैनिक पादून 'मायदेशाची हवा' देतात. युद्ध संपून चारच वर्षं झालेली. माजी सैनिक आणि उजव्या गटांची पोरं प्रेक्षागृहात घुसली, बाटल्या, खुर्च्या, धुराचे गोळे मंचावर आले. प्रयोग थांबले, पुन्हा सुरू झाले, पोलीस बंदोबस्तात चालू राहिले. संसदेत ऑदेऑंचं अनुदान कापायची मागणी झाली तेव्हा संस्कृतिमंत्री आंद्रे मालरोने उभं राहून नाटकाची बाजू घेतली. मालरो द गॉलच्या मंत्रिमंडळातला, जनेच्या विचारांचा मुळीच नव्हे.

त्या तालमींच्या काळात जनेने ब्लँला पत्रांमागून पत्रं लिहिली. नटांनी कसं चालावं, रंग किती भडक असावेत, ब्लँचं कुठे चुकतंय. ती पुस्तकरूपात आली आहेत. त्यांत ओरडा आहे, प्रेमही आहे. ब्लँ ऐकून घेणारा होता. आर्तो, बेकेट, जने, या तिघांशी निभावणं एकाच माणसाला जमलं, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आम्हा अडखळणाऱ्यांना एक सवय लागते. आपलं वाक्य बाहेर यायला वेळ लागतो, तोवर आपण समोरच्याचं पुरतं ऐकतो.

तात्या_नगरवाले

पाकिटावर नाव लिहायला माझी आता हरकत नाही. मागे घेतो. बरं, 'गोदो'च्या पहिल्या प्रयोगांच्या वेळी प्रेक्षकांनी काय केलं? दगड पडले का?

विंगेतला

तात्या, दगड नाहीत, पण धावाधाव होती. एका प्रयोगात लकीच्या भाषणानंतर वीसेक उत्तम कपड्यांतल्या प्रेक्षकांनी इतक्या शिट्या घातल्या की पडदा टाकावा लागला. मध्यंतरात नाटक आवडलेल्यांची आणि न आवडलेल्यांची हातघाई झाली. ती चिडलेली मंडळी परत आत येऊन बसली, दुसरा अंक उघडला, तर तेच दोघे, तेच झाड! पाय आपटत निघून गेली. गंमत म्हणजे यानेच गर्दी वाढली.

बेकेट पहिल्या प्रयोगाला नव्हताच, तो गावाकडे निघून गेला होता. सुझान बसली होती, तिने त्याला एक गोष्ट कळवली. शेवटी एस्त्रागाँ पट्ट्याऐवजी बांधलेली दोरी सोडतो आणि विजार खाली येते. लातूरला लाज वाटली असावी, त्याने ती अर्ध्यावरच धरली. चारच दिवसांनी, १९५३ च्या ९ जानेवारीला, बेकेटने ब्लँला पत्र टाकलं : बाकी सगळं ठीक, पण विजार घोट्यापर्यंत पूर्ण पडली पाहिजे. करुणाइतकं हास्यास्पद दुसरं काही नाही आणि ते शेवटपर्यंत दाखवलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह.

नस_आणि_सांधे

मग पडली का?

विंगेतला

पडली. लातूरला पटवणं ब्लँच्या वाट्याला आलं असणार. तो ते कसं बोलला असेल, कुठल्या अक्षरावर थांबला असेल, हे मी रात्री पडल्या पडल्या डोळ्यांसमोर आणत असतो.

पंचवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, कॉमेदी-फ्राँसेझ या फ्रान्सच्या सरकारी नाट्यसंस्थेने 'गोदो' आपल्या यादीत घेतलं आणि दिग्दर्शनासाठी ब्लँलाच बोलावलं. तेव्हा तो एकाहत्तरचा होता. २१ जानेवारी १९८४ ला तो गेला.

आमच्या मंडळीत येत्या पावसाळ्यात 'गोदो'चं वाचन ठरलं आहे. पोझो कुणी घ्यायला तयार नव्हतं, मी हात वर केला. 'प'पासूनच सुरुवात आहे. मृणालताई, रास्पायच्या त्या फूटपाथचा एक फोटो पाठवाल का? तालमीच्या खोलीत लावायचा आहे.

मृणाल_सेनकाठची

उद्याच उतरते. ल्युतेसियाकडून घेऊ की ३८ नंबरच्या दारातून?

विंगेतला

दारातून. समोरचं दिसेल असा.